लोक तयार असतात, विचारणारा हवा

चांगलं काहीतरी सुरू करायचं ठरलं की पहिल्या दिवशी ग्रुप निघतो. दुसऱ्या दिवशी ग्रुपच्या नावावरून वाद. तिसऱ्या दिवशी कुणीतरी हौसेनं बोधचिन्ह करून पाठवतं, त्यावर भराभर अंगठे येतात आणि महिन्याभरात तिथे सुप्रभातचे फॉरवर्ड तेवढे उरतात. जग बदलायला निघालेल्या बहुतेकांची गाडी या स्टेशनाच्या पुढे जात नाही. मग "लोकांना कशाचं काही पडलेलं नाही" असं म्हणत आपण घरी बसायला मोकळे.

मला हे वाक्य पटत नाही. लोकांना पडलेलं असतं. फक्त त्यांना कुणी समोर येऊन, नेमकं आणि झेपेल असं काही विचारलेलं नसतं. म्हणून हा लेख मुख्यतः विचारण्याबद्दल आहे. ज्यांनी आजवर कधी चार माणसं जमवून काही केलेलं नाही, त्यांच्यासाठी. आधीच्या पायऱ्या त्या विचारण्याची तयारी आहेत आणि नंतरच्या त्याची निगराणी.

उदाहरण एकच घेतो: गळका नळ. तो जगाच्या पाठीवर सगळीकडे गळतो, तो बंद करावा की नाही यावर कुणी वाद घालत नाही आणि काम झालं की लगेच कळतं. तुमचं काम वेगळं असेल. नजर अधू झालेल्या शेजाऱ्यांना रोज वाचून दाखवणं असेल, रक्तदान असेल, जिन्यातला दिवा असेल. रीत तीच.

पहिली पायरी: काम इतकं लहान करा की सांगताना थोडं ओशाळल्यासारखं व्हावं

"पाणी वाचवू या" हे काम नाही, ती इच्छा आहे. "आपल्या जिन्यावरचे गळके नळ या महिन्यात बंद करू या" हे काम. एका माणसाला एका बैठकीत त्याचा एक तुकडा संपवता आला पाहिजे आणि तो संपला हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

दिसण्यासाठी मोजावं लागतं. रात्री झोपताना गळक्या नळाखाली एक भांडं ठेवा, सकाळी त्यात किती पाणी साठलं ते मापून घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. दुसऱ्याला पटवताना हा कागद इंटरनेटवरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त कामाला येतो, कारण तो त्याच्या ओळखीच्या नळाचा आकडा असतो.

व्यंगचित्रकार आबिद सुरती यांनी 2007 मध्ये नेमकं हेच काम हाती घेतलं. वय सत्तरीच्या पुढे. मीरा रोडला राहत होते. सुट्टीच्या दिवशी एक प्लंबर सोबत घ्यायचा, इमारतीतली दारं ठोठवायची, गळका नळ असेल तर फुकट दुरुस्त करून द्यायचा. धरण नाही, योजना नाही, नुसता वायसर. त्यांच्या कामाची बातमी पुढे देशाबाहेरही गेली. पण मला त्यातलं आवडतं ते कामाचं माप. एक इमारत, एक रविवार, एक प्लंबर. यात गोंधळायला जागाच नाही.

दुसरी पायरी: आधी स्वतः करा, बोलू नका

गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घेत. दिवसभर झाडलोट आणि रात्री कीर्तन, हा त्यांचा क्रम. कीर्तन ऐकायला बसलेल्यांनी तो खराटा दिवसा पाहिलेला असे, त्यामुळे रात्रीच्या शब्दाला वजन यायचं. आपण नेमका उलटा क्रम लावतो.

तेव्हा पहिला नळ स्वतःच्या घरचा. मुख्य कॉक बंद करा, नळ उघडून आत राहिलेलं पाणी सोडून द्या, पान्यानं वरचा भाग सैल करून काढा. जुना वायसर बाहेर आला की त्यावर गोल खाच पडलेली दिसेल, रबर कडक झालेलं असेल. त्याच मापाचा नवा बसवून परत आवळा, पण जीव खाऊन आवळू नका. (नवीन प्रकारच्या, पाव फेरीत बंद होणाऱ्या नळांत वायसर नसतो, आतला अख्खा भाग बदलावा लागतो. हे शेजाऱ्याच्या मोरीत उभं राहिल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.) दोन-तीन नळ केल्यावर तुम्हाला कुठे अडतं, किती वेळ लागतो, काय हाताशी लागतं हे कळतं. ते कळल्याशिवाय दुसऱ्याला बोलवायचं नाही.

रोज करायचं काम असेल तर ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी 96 जणांना एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितली. ती आपोआप व्हायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 दिवसांत जमेल आणि कुणाला 254 दिवस लागतील, इतका फरक होता. "21 दिवसांत सवय लागते" हे वाक्य तेव्हा विसरून जा. त्याच अभ्यासात एक दिलासाही आहे: मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही. काम कधी करायचं ते मात्र आधीच्या एखाद्या पक्क्या गोष्टीला बांधून टाका. "संध्याकाळी वेळ मिळाला की आजोबांना वाचून दाखवीन" यातली ती वेळ कधीच मिळत नाही. "चहाचा कप विसळला की वरच्या मजल्यावर जाईन" हे टिकतं.

तिसरी पायरी: दुसरा माणूस

इथे बरेच जण थेट सगळ्यांना हाक मारतात, आणि सगळ्यांना मारलेली हाक कुणालाच ऐकू जात नाही. हा लोकांचा नाठाळपणा नव्हे. बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये एक प्रयोग केला. खोलीत माणूस फॉर्म भरत बसलाय आणि भिंतीतल्या फटीतून धूर यायला लागतो. एकटा असेल तर 75 टक्के लोक उठून कळवायला गेले. पण सोबत ढिम्म बसून राहणारी दोन माणसं मुद्दाम ठेवली, तेव्हा फक्त 10 टक्के उठले. धूर तोच. शेजारचा हलत नाही म्हणून आपणही हलत नाही, आणि शेजारच्याचंही आपल्याकडे बघून तेच चाललेलं असतं.

उलट बाजूही आहे. सॉलोमन अ‍ॅश यांनी 1950 च्या दशकात दाखवलं की सगळे मिळून उघड चुकीचं उत्तर देत असतील तर समोरचा माणूस साधारण एक तृतीयांश वेळा त्यांच्या मागे जातो. पण त्या गर्दीत बरोबर उत्तर देणारा फक्त एक साथीदार असला, तर हे मागे जाणं आधीच्या जवळजवळ एक चतुर्थांशावर येतं. म्हणजे पन्नास माणसं नकोत, आधी एक हवा.

हा एक कोण? बहुतेकांना वाटतं, इमारतीतलं वजनदार माणूस गाठावं. माझं मत वेगळं आहे. वजनदार माणसाला आधीच दहा कामं असतात, आणि तो आला की काम त्याचं होऊन जातं. ज्याच्या घरी सगळ्यांचं जाणं-येणं असतं, ज्याला कुणी नाही म्हणत नाही आणि जो दिलेली वेळ पाळतो, तो शोधा. बऱ्याचदा ती एखादी निवृत्त बाई असते किंवा कॉलेजात जाणारा पोरगा.

आकडा लहान राहिला म्हणून खट्टू होऊ नका. लंडनच्या बुशी पार्कमध्ये 2 ऑक्टोबर 2004 रोजी पॉल सिंटन-ह्यूइट यांनी मित्रांना शनिवारी सकाळी पाच किलोमीटर धावायला बोलावलं, तेव्हा धावणारे 13 होते. आज 'पार्करन' नावानं तीच शनिवारची धाव वीसहून अधिक देशांत होते, आणि अजूनही फुकट. पुढच्या शनिवारी तीच वेळ, तीच जागा हे त्यांनी सोडलं नाही.

चौथी पायरी: विचारणं

इथे वेळ घ्या. बाकी सगळ्या पायऱ्या ढिल्या राहिल्या तरी चालेल.

विचारताना जीभ अडखळते, कारण नकार येईल असं वाटतं. ही भीती आपण फुगवून घेतलेली असते. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांच्या 2008 च्या अभ्यासात काही जणांना पाच अनोळखी लोकांकडून प्रश्नावली भरून आणायला सांगितलं होतं. निघण्यापूर्वी त्यांचा अंदाज होता की सुमारे वीस जणांना विचारावं लागेल. प्रत्यक्षात दहाच्या आसपास जणांनाच विचारावं लागलं. माणसं आपल्या अंदाजाच्या दुप्पट होकार देतात, पण समोर जाऊन विचारलं तर. 2017 च्या एका अभ्यासात तीच विनंती अनोळखी लोकांना ईमेलनं आणि प्रत्यक्ष भेटून करून पाहिली, तेव्हा प्रत्यक्ष भेट 34 पट परिणामकारक ठरली. ग्रुपवर टाकलेला मेसेज हा ईमेलचाच भाऊ समजा.

आता हा मेसेज बघा, असे आपण सगळ्यांनीच वाचलेत:

"नमस्कार मंडळी, पाणी ही काळाची गरज आहे. आपण सर्वांनी मिळून पाणीबचतीसाठी काहीतरी करायला हवं असं मनापासून वाटतं. इच्छुकांनी कृपया संपर्क साधावा."

यात कुणी, काय, कधी करायचं हे कुठेच नाही. "इच्छुक" म्हणजे मी, असं कुणालाही वाटत नाही. त्याऐवजी जिन्यात गाठ पडल्यावर असं:

"काकू, तुमचा मोरीतला नळ गळतो का हो?"

"गळतो की. कधीची ह्यांच्या मागे लागलेय."

"रविवारी दहाला पाना घेऊन येतो. पंधरा मिनिटांचं काम आहे. तुम्ही तेवढ्या मोरीतल्या बादल्या हलवून ठेवाल?"

"ठेवते. पैसे किती घेशील?"

"वायसरचे काय होतील ते. पण एक करायचं. मी बसवताना नीट बघून घ्या, आणि समोरच्या आजींचा नळ तुम्ही बसवायचा. मी सोबत असेन."

"मला रे कुठलं जमतंय!"

"बघा तर. नसेल जमत तर नुसत्या आजींशी गप्पा मारायला या."

एवढंच. पण या सात ओळींत बरंच काही आहे. सुरुवात तिच्या अडचणीपासून आहे, तुमच्या मोहिमेपासून नाही. वार आणि वेळ ठरलेली आहे. तिच्याकडे लगेच करायचं एक सोपं काम आहे, बादल्या हलवणं. त्यामुळे ती "ज्याच्याकडे काम झालं" एवढीच न राहता कामातली झाली. पुढचं पाऊल तिथल्या तिथे सांगून ठेवलंय. आणि शेवटच्या वाक्यात मान राखून मागे हटायला वाट आहे. ही वाट ठेवायला विसरू नका. ज्याला नाही म्हणता येत नाही, तो हो म्हणतो आणि रविवारी फोन बंद ठेवतो.

लहान होकारातून मोठा होकार निघतो, हेही काकूंच्या बादल्यांत आहे. 1966 मध्ये कॅलिफोर्नियात जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांनी घरमालकांना विचारलं, "गाडी जपून चालवा" असा भलाथोरला, बेढब फलक तुमच्या अंगणात लावू का? थेट विचारलेल्यांपैकी 17 टक्के हो म्हणाले. पण ज्यांनी दोन आठवडे आधी याच विषयाची चिमुकली पाटी लावून घेतली होती, त्यांच्यातले 76 टक्के तयार झाले. मात्र हे फसवायला वापरू नका. पुढे काय मागणार आहात ते मनात लपवून बादल्या हलवायला लावणं म्हणजे लबाडी. काकूंना आजींच्या नळाचं आधीच सांगितलंय ते त्यासाठीच.

आणि एका दिवसाचं काम मागा, आयुष्य नको. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात 1 डिसेंबर 1955 रोजी रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडली नाही आणि त्यांना अटक झाली. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या कॉलेजातल्या प्राध्यापिकेनं सहकाऱ्याच्या आणि दोन विद्यार्थ्यांच्या मदतीनं रात्रभर जागून हजारो पत्रकं छापली, ही कमी जणांना ठाऊक असते. त्या पत्रकांत मागणं एवढंच होतं की येत्या सोमवारी बसमध्ये चढू नका. एक दिवस. त्या सोमवारी बस रिकाम्या धावल्या, संध्याकाळी सभा झाली आणि तिथे लोकांनीच ठरवलं की पुढेही चालू ठेवायचं. बहिष्कार 381 दिवस चालला. पहिल्या दिवशीच कुणी वर्षभर पायी चला म्हटलं असतं तर किती जण आले असते, कुणास ठाऊक.

पाचवी पायरी: तोंडातून काय जाऊ द्यायचं नाही

"सगळेच पाणी वाया घालवतात, कुणाला काही पर्वा नाही." हे वाक्य कळवळ्यानं येतं आणि उलटं लागू पडतं. ऐकणाऱ्याला कळतं की सगळेच असं करतात, म्हणजे आपणही चालून जाऊ. अ‍ॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट या राष्ट्रीय उद्यानात लोक अश्मीभूत लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. रॉबर्ट सियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे दोन तऱ्हेच्या पाट्या लावून पाहिल्या. "पूर्वी आलेल्या अनेकांनी तुकडे नेल्यामुळे जंगलाचं रूप बदललं" अशा अर्थाची पाटी होती तिथे खुणेचे जवळपास 8 टक्के तुकडे गेले. "कृपया तुकडे नेऊ नका" असं साधं सांगितलं तिथे 2 टक्क्यांहून कमी. चोरी होते म्हणून हळहळणारी पाटीच चोरीला आमंत्रण देत होती.

तेव्हा जे करतात त्यांच्याबद्दल बोला. "तिसऱ्या मजल्यावरचे चारही नळ झाले, आता चौथा" हे पुरतं. याच सियाल्डिनींनी हॉटेलांतही पाहिलं: टॉवेल पुन्हा वापरा, पर्यावरण वाचवा असं सांगितलं तेव्हा साधारण 35 टक्क्यांनी ऐकलं. इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात असं सांगितलं तेव्हा 44 टक्क्यांनी, आणि "याच खोलीत उतरलेले बहुतेक" म्हटल्यावर 49 टक्क्यांनी. माणूस जितका जवळचा, तितका त्याचा दाखला लागू पडतो. पण खोटा दाखला देऊ नका. तिसऱ्या मजल्यावरचे दोनच नळ झाले असतील तर दोनच सांगा.

लाजवू नका, ही दुसरी गोष्ट. व्हिएन्नाच्या रुग्णालयात 1847 च्या एप्रिलमध्ये डॉक्टरांकडच्या प्रसूती विभागात सुमारे 18 टक्के बाळंतिणी दगावल्या होत्या. इग्नाझ सेमेलवाइस यांनी मे महिन्यात डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले, आणि जूनमध्ये हे प्रमाण सुमारे 2 टक्क्यांवर आलं. आज वाटतं, एवढं दिसल्यावर कोण नाही म्हणेल? पण बहुतेक डॉक्टरांनी मानलं नाही. कारणं अनेक होती. जंतूंचं शास्त्र तेव्हा पुढे आलेलं नव्हतं, आणि सेमेलवाइस यांनी आपलं म्हणणं सविस्तर छापायलाही 1861 उजाडू दिलं. एक कारण मात्र आपल्या कामाचं आहे. हात धुणं मान्य करायचं म्हणजे आजवर आपल्याच हातांनी बायका मेल्या हे मान्य करायचं होतं. त्यात पुढे त्यांनी विरोधी प्राध्यापकांना उघड पत्रं लिहून खुनी म्हटलं. त्यांचं म्हणणं खरं होतं, तरी ते 1865 मध्ये गेले तेव्हा त्यांच्या बाजूनं फारसं कुणी नव्हतं.

ज्याच्या घरचा नळ दोन वर्षं गळतोय त्याला "दोन वर्षं काय करत होतात?" असं विचारायचा मोह आवरा. जुनी चूक कबूल न करताही नवं काम सुरू करता येईल, अशी फट त्याला ठेवा. "हे वायसर हल्ली लवकर कडक होतात" एवढ्यावर भागतं.

आणि आकड्यांचा मारा नको. 2007 च्या एका प्रसिद्ध प्रयोगात उपासमारीची आकडेवारी वाचलेल्यांपेक्षा एका मुलीची हकीकत वाचलेल्यांनी दुपटीहून जास्त पैसे दिले. म्हणून मघाचं ते नळाखालचं भांडं.

सहावी पायरी: वाट सपाट करा

हो म्हणालेला माणूस येत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा फालतू असतं. पाना नाही, माप माहीत नाही, जागा सापडली नाही. ही कारणं आधीच संपवा. दोन पाने, तीन मापांचे वायसर, टेफ्लॉन टेप, फडकं, सगळं एका पिशवीत. पिशवी कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असू द्या. मॉन्टगोमेरीतला बहिष्कार भाषणांवर नाही चालला, तो चालला सुमारे 300 खासगी गाड्यांच्या वेळापत्रकावर. कामावर जाणाऱ्या बाईला सकाळी कुठे उभं राहायचं हे माहीत होतं, म्हणून ती बसशिवाय वर्ष काढू शकली.

बक्षिसं आणि दंड यांच्या भानगडीत नवख्यांनी पडू नये. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला, तर उशीर वाढला. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची, आता पैसे भरले की मोकळे. दंड बंद केल्यावरही उशीर काही कमी झाला नाही.

सातवी पायरी: काम हातातून सोडा

सगळ्यात अवघड हीच, विशेषतः ज्यांना काम नीटनेटकं लागतं त्यांना. काकूंनी बसवलेला वायसर जरा तिरका बसेल. पाणी थांबलं असेल तर तुम्ही गप्प बसायचं.

केनियात वंगारी मथाई यांनी 5 जून 1977 रोजी सात झाडं लावून सुरुवात केली. पुढे गावोगावच्या बायका रोपं तयार करायला लागल्या तेव्हा वनखात्यातले शिकलेले अधिकारी म्हणाले, झाडं लावायला पदवी लागते. मथाईंनी बायकांना सांगितलं की तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या बी पेरत आलात, तेच करा. बायकांनी आसपासचं बी गोळा केलं, फुटक्या भांड्यांत रोपं वाढवली आणि एकीनं दुसरीला शिकवलं. मोबदला थोडासाच होता, तोही लावलेल्या रोपाचा नाही, जगलेल्या रोपाचा. या ग्रीन बेल्ट चळवळीनं पुढे 5 कोटींहून जास्त झाडं लावली आणि 2004 मध्ये मथाईंना शांततेचं नोबेल मिळालं. सात झाडांपासून तिथवर मथाई एकट्या झाडं लावत गेल्या असत्या तर आयुष्य पुरलं नसतं.

पार्करनमध्येही हेच दिसतं. एक जण घड्याळ धरतो, एक जण टोकन देतो, एक जण शेवटच्या माणसासोबत चालतो. प्रत्येक काम एका सकाळी शिकता येण्याजोगं. तुमच्या कामाचे असे तुकडे करा: दारं ठोठावणारा, बसवणारा, वही ठेवणारा. लाजाळू माणसाला वही द्या, तो ती जिवापाड सांभाळेल.

वहीत फार नको. घर, तारीख, आधी रात्रीत किती पाणी साठलं, आता किती. महिन्यातून एकदा त्यातल्या तीन ओळी जिन्याच्या फलकावर. कुणाकुणाची नावं लावायची ते त्यांना विचारून.

गळती, टोमणे आणि आठवा रविवार

पहिल्या रविवारी उत्साह असतो. काही आठवड्यांनी तुम्ही आणि काकू दोघेच उरता. हे धरून चाला. त्यात कुणाचा दोष नसतो, लोकांच्या घरी लग्नं असतात, परीक्षा असतात, आजारपणं असतात. गेलेल्याला ग्रुपवर टोचून बोलू नका. दोन महिन्यांनी त्याच्याकडे एक छोटं काम घेऊन जा, जणू मधे काही झालंच नाही.

"याने काय होणार?" असं विचारणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालण्यात रविवार घालवू नका. पण प्रश्न स्वतःला जरूर विचारा. काही कामांना उत्तर उशिरा मिळतं. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांना किशोरवयात मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी परक्यांचं रक्त मिळालं होतं, म्हणून 1954 मध्ये ते स्वतः द्यायला लागले. त्यांच्या रक्तद्रवात एक दुर्मीळ प्रतिपिंड (अँटीबॉडी) आहे आणि त्यापासून आईच्या नि बाळाच्या रक्तातल्या आरएच घटकाच्या विसंगतीमुळे धोक्यात येणाऱ्या बाळांसाठी औषध करता येतं, हे नंतर कळलं. 2018 पर्यंत त्यांनी 1,173 वेळा दान केलं. तिथल्या रेडक्रॉसच्या अंदाजानं त्यातून 24 लाख बाळांना मदत झाली. सगळ्यांच्या रक्तात असं काही नसतं, हे खरंच. पण त्यांनाही पहिल्यांदा बाही वर करताना ते माहीत नव्हतं.

जिथे वायसर पुरत नाही

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण असे लेख ती बहुधा सांगत नाहीत. घरातले सगळे नळ कोरडे केले तरी रस्त्याखालची मुख्य वाहिनी फुटकी असेल तर पाणी जायचं ते जाणारच. ती दुरुस्त करणं ज्यांचं काम आहे त्यांच्याकडून ते करून घ्यावं लागतं. लहान कामाची एक गंमत अशी की ते केल्यावर "मी माझा वाटा उचलला" असं समाधान मिळतं आणि मग मोठ्या प्रश्नाकडे पाठ फिरवणं सोपं जातं. तिथे सावध राहा.

पण आता तुमच्याकडे चार गोष्टी आहेत ज्या पहिल्या दिवशी नव्हत्या: वेळ पाळणारी माणसं, एकमेकांवरचा भरवसा, मोजमापाची वही आणि पाण्याची थोडी समज. वाहिनीसाठी अर्ज करताना ही वहीच जोडा. अर्ज एका पानाचा. वर जागा, मग गळती कधीपासून दिसते ती तारीख, मग मागणी एकच, आणि खाली जितक्या घरांचे नळ झाले तितक्यांच्या सह्या. "योग्य ती कार्यवाही व्हावी" असं लिहू नका, काय दुरुस्त करून हवं ते लिहा. अर्ज द्यायला एकट्यानं जाऊ नका, काकूंना न्या. त्यांना समोरच्याशी गप्पा मारता येतात आणि त्या सहजी उठत नाहीत. अर्जाच्या दोन प्रती काढा, दुसरीवर तारखेसह शिक्का मारून घ्या आणि ती पोच वहीत चिकटवल्यावर पंधरा दिवसांनी परत कुणी जायचं ते तिथेच ठरवून टाका.